औषध कुणी लावलं

धनश्रीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या आणि दोन दिवसांनी तिच्या मामाची हळद होती. एवढंच कारण.

२००७ सालचा मे महिना. मंगळवारी दुपारी सुषमानं पोरीला छपराच्या सावलीत पुढ्यात घेतलं आणि फणी फिरवली. चार-पाच उवा एकदम आल्या. लिखा तर केसागणिक होत्या. मानेपाशी खाजवून खाजवून पोरीनं कातडी सोलवटून घेतली होती. नऊ वर्षांची पोर, केस कमरेच्या वर वीतभर. मागच्या दिवाळीला कवठे येमाईला माहेरी गेल्यावर थोरली भावजय सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वन्सं, तुमची पोर माझ्या पोरींपाशी नका निजवू. मागल्या वेळंला महिनाभर माझ्या हातातनं फणी सुटली न्हाई." सुषमा तेव्हा हसली होती. आपण हसलो याचाच तिला नंतर राग येत राहिला.

इनामगावातलं त्यांचं घर गावापासून जरा बाजूला, घोड नदीच्या अंगाला. तिच्या नवऱ्याचा, मल्हारचा, आजा मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचा. बापानं ते सोडून वावर धरलं. आता मल्हार कांदा आणि ऊस करायचा. मेंढरं सातच उरली होती, तीही त्याच्या आईच्या, अनसाबाईच्या, हट्टापायी. त्या दुपारी अनसाबाई मेंढरं घेऊन नदीकडं गेली होती. मल्हार आहेराचे कपडे आणायला शिरूरला गेला होता.

कांद्यावर फवारायचं औषध मांडणीखाली होतं. वस्तीवरच्या दोघी-तिघी जणी पोरींच्या डोक्याला तेच चोळायच्या, सुषमानं पाहिलं होतं. तिनं वाटीत खोबरेल घेतलं, त्यात औषध ओतलं, बोटांनी कालवलं आणि पोरीच्या डोक्यात मुळापासून जिरवलं. वर जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधला.

"आई, जळतंय."

"थोडं सोस. मरत्यात त्या."

"लई जळतंय गं."

"आत्ता धुवायचंच हाय. जरा पड तिथं."

तेवढ्यात लाईट आली. लाईट आली की मोटर चालू करायची, उसाला पाणी द्यायचं; दोन तासांत परत जाणार ती. सुषमा खोरं घेऊन रानात गेली. एक सरी भरली, दुसरी भरली. मध्येच एक बांध फुटला, तो तिनं बांधला. पोरीचं डोकं धुवायचंय हे तिच्या ध्यानात होतं. ध्यानात असूनही ती आणखी एक सरी भरत राहिली.

परत आली तेव्हा अनसाबाई तिच्या आधी पोचली होती. मेंढरं अंगणात मोकळीच होती. धनश्री बाजेवर आडवी होती, तोंडातून लाळ गळत होती, फ्रॉक घामानं आणि ओकारीनं भिजला होता. पापणीखालची कातडी आपोआप थरथरत होती. अनसाबाईनं डोक्यावरचा कपडा सोडून नाकाशी धरला. तिला वास ओळखायला वेळ लागला नाही. मेंढरांना गोचीड झाल्यावर एकदा कुणीतरी असलंच औषध पाण्यात घालून कोकरू धुतलं होतं, आणि ते कोकरू असंच फेस टाकत तिच्या मांडीवर गेलं होतं.

तिनं सुनेकडं एकदा पाहिलं. पोरीला उचलून हौदापाशी नेलं आणि साबणानं डोकं धुवायला लागली. "पाणी वत," एवढंच म्हणाली. सुषमा पाणी ओतत राहिली.

मल्हार येऊन पोचला तेव्हा शेजारच्या गेणबाची जीप दारात उभी होती. आहेराच्या पिशव्या त्यानं ओट्यावर टाकल्या आणि तो तसाच जीपमध्ये चढला. पोर सुषमाच्या मांडीवर होती. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

"काय खाल्लं हिनं?" मल्हारनं विचारलं.

"खाल्लं न्हाई," अनसाबाई म्हणाली. "डोक्याला औषध लावलंय. उवांसाठी. कांद्यावरचं."

"कुणी लावलं?"

जीप खड्ड्यातून गेली. सुषमानं तोंड उघडलं होतं की नाही, हे तिला पुढं कधीच नीट आठवलं नाही.

"म्या," अनसाबाई म्हणाली.

मल्हारनं आईकडं पाहिलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि भीमेचा पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिला. सुषमानं आपल्या हातांकडं पाहिलं. नखांत अजून तेल होतं.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर तेजश्री निंबाळकर होत्या. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी पोरीच्या पापण्या उघडून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. औषधाची बाटली अनसाबाईनं पिशवीत घालून आणली होती, ती त्यांनी उजेडात धरून वाचली. सुया सुरू झाल्या. नर्सनं हातमोजे घालून पोरीचे केस कात्रीनं कापले, मग वस्तऱ्यानं डोकं गुळगुळीत केलं आणि पुन्हा दोनदा धुतलं. केस प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. ती पिशवी कुठं गेली ते सुषमाला कळलं नाही.

"डोकं कोणी धुतलं घरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमी दोघींनी," अनसाबाई म्हणाली.

"मग तुम्हीही साबणानं आंघोळ करा. कपडे बदला. कातडीतनं जातं हे." त्यांनी बॅटरीनं दोघींचे डोळे पाहिले. अनसाबाईचे पटकन. सुषमाचे पाहताना त्यांनी बॅटरी दोनदा फिरवली, तिचे हात हातात घेऊन वास घेतला. "मळमळतंय का? अंधारी येतेय?"

"न्हाई," सुषमा म्हणाली. दोन्ही होत होतं.

डॉक्टरांनी नर्सला सांगून तिलाही एक सुई दिली आणि बाकावर आडवं केलं. दुसरं काही विचारलं नाही.

सकाळी हवालदार सोपानराव आले. विषबाधेची केस म्हटल्यावर जबाब घ्यावा लागतो, म्हणाले. पोट सुटलेला, दमलेला माणूस; उन्हानं चेहरा लाल झालेला. व्हरांड्यात खुर्ची ओढून त्यांनी मांडीवर कागद घेतला. मल्हार भिंतीला टेकून उभा होता.

"औषध कुणी लावलं?"

"म्या," अनसाबाई पुन्हा म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं का आजी, ते विषारी हाय म्हणून?"

"म्हायती असतं तर लावलं असतं का?"

"घरात आणखी कोण होतं तवा?"

"कुणी न्हाई. ही रानात गेलती, पानी द्यायला."

सोपानरावांनी सुषमाकडं पाहिलं. "बरोबर?"

सुषमानं मान हलवली. मान हलली हे तिला कळलं, पण ती आपण हलवली असं वाटलं नाही. अनसाबाईनं कागदावर अंगठा उठवला आणि पदराला पुसला. सोपानराव गेल्यावर मल्हार आईपाशी आला. आवाज चढवला नाही त्यानं. घरात त्याचा आवाज चढायचा, कधी भांडंही भिरकवायचा. म्हणून तो असा हळू बोलला की जास्त भीती वाटायची.

"तू घरी जा. हितं थांबू नको. माझ्या म्होरं येऊ नको."

अनसाबाई उठली आणि जिना उतरून गेली. घरी मात्र गेली नाही. दवाखान्याच्या फाटकापाशी कडुलिंब होता, त्याच्या बुंध्याशी बसली. वरच्या खिडकीतून सुषमाला तिचं डोकं दिसायचं. मेंढरांना गेणबाची बायको बघत असेल, असं सुषमाच्या मनात आलं. त्यापलीकडं तिचा विचार गेला नाही.

बुधवारी पोर बरी वाटली. सुयांनी बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या, अंग तापलं होतं, आणि ती हवेतलं काहीतरी चिमटीत पकडत होती. नर्स म्हणाली, सुयांच्या औषधाचं आहे ते, उतरेल. गुरुवारी सकाळी सुषमानं तिला पाणी पाजायला उठवलं तर मान मागं लोंबली. हात उचलेना. श्वास वरवरचा, कोंबडीच्या पिल्लासारखा. डॉक्टर धावत आल्या. सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर आत घेतलं तेव्हा पोरीच्या तोंडात नळी होती आणि शेजारचं यंत्र तिच्या छातीत हवा भरत होतं. छाती वर जायची, खाली यायची, अगदी सारख्या अंतरानं.

त्याच वेळी कवठे येमाईला सुषमाच्या धाकट्या भावाला, ज्योतिबाला, हळद लागत होती. त्याचा फोन मल्हारच्या मोबाईलवर आला. मागं सनई वाजत होती. सुषमानं फोन कानाला लावला. "बरी हाय," ती म्हणाली. "तुमी उरकून घ्या."

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं.

"तिच्या रक्तात एक रसायन असतं," त्या म्हणाल्या, "त्याच्या जोरावर नसा आणि स्नायू नीट चालतात. या औषधानं ते बंद पाडलंय. तपासणी केली, जवळजवळ शिल्लकच नाही. ते रसायन निरोगी माणसाच्या रक्तातही असतं. रक्तातल्या लाल पेशी काढल्या की जे पाणी उरतं त्याला प्लाझ्मा म्हणतात, त्यात असतं. ते आपण तिला देऊन बघू शकतो."

"दिल्यावर बरी व्हईल?" मल्हारनं विचारलं.

"माहीत नाही." त्यांनी हे सरळ सांगितलं. "हे अजून पुस्तकात नाही. काही ठिकाणी करून पाहिलंय, मी वाचलंय त्याबद्दल. काहींना फरक पडला, काहींना नाही पडला. अंगावर पुरळ येऊ शकतं, ताप येऊ शकतो, क्वचित त्याहून वाईटही. बाकीचे उपचार चालूच राहतील. याच्यासाठी मात्र तुमची सही पाहिजे."

मल्हारनं कागद पुढं ओढला. मग थांबला. "तुमची पोर असती तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दिला असता," त्या म्हणाल्या.

मल्हारनं सही केली. सुषमाला कुणी सही मागितली नाही.

प्लाझ्मा दौंडात मिळत नव्हता. तो पुण्याच्या रक्तपेढीतून आणायचा, गोठवलेला. दवाखान्यात तो साठवायला तसला फ्रीज नव्हता, म्हणून रोज एक पिशवी, तीन दिवस. शुक्रवारी मल्हार पहाटेच्या शटल रेल्वेनं पुण्याला गेला आणि दुपारी थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन परत आला. गाडीत बसायला जागा नव्हती. दाराशी उकिडवा बसून त्यानं खोका धरला होता. कुणी पाय लावील म्हणून आडवा हात धरून त्याचा दंड आखडला होता.

नर्सनं पिशवी कोमट पाण्यात सोडली. पाण्यात तापमापक धरून ती मिनिटं मोजत होती. घट्ट गोळा हळूहळू सुटला आणि पिशवीत पिवळसर पाणी झालं, ताकावर निवळ येते तसं.

"हे रगत न्हाई दिसत," मल्हार म्हणाला.

"कुणाचं आसंल?" सुषमानं विचारलं. कितीतरी तासांत ती आपणहून पहिल्यांदा बोलत होती.

"ते सांगत नाहीत," नर्स म्हणाली.

पिशवी स्टँडला लागली. थेंब पडायला लागले. सुषमा ते बघत बसली. कुणीतरी पुण्यातला माणूस, कधीतरी आडवा पडून आपल्या दंडातून हे देऊन गेलेला. तो आता कामावर असेल. जेवत असेल. तिला त्याचे उपकार वाटायला हवे होते. तिला काहीच वाटलं नाही. कवठ्याला या वेळी अक्षता पडत असतील, हेही तिला नुसतं कळलं.

शनिवारी दुसरी पिशवी आली. पोरीत फरक नव्हता. डॉक्टर येऊन पायाच्या तळव्याला किल्लीनं ओरखडा काढायच्या, हाताची बोटं दाबायच्या, वहीत लिहून जायच्या. रक्तपेढीला बदली रक्त द्यायचं होतं, म्हणून ज्योतिबा रविवारी लग्नातल्या दोन मित्रांना घेऊन पुण्याला गेला. मल्हार तीन दिवस झोपला नव्हता, म्हणून तिसरी पिशवीही ज्योतिबाच आणणार होता. तो दुपारी आला. मनगटाला हळकुंडाचा दोरा तसाच, कानांमागं हळद राहिलेली. खोका नर्सकडं देऊन तो सुषमापाशी जिन्यात बसला.

"आक्का, तिथं आत्या भेटल्या, तुझ्या सासूबाई."

"कुठं?"

"रक्ताच्या तिथं. एकल्या आल्या हुत्या. शटलनं. कुणाला तरी इचारत इचारत चालत आल्या टेशनापासनं. मी गेलो तवा दाराशी उभ्या."

सुषमा त्याच्याकडं बघत राहिली.

"त्यांना म्हणत्यात, माजं घ्या. तिथल्या बाईनं वय इचारलं तर म्हणल्या, पन्नास. ती हसली. मग बोटाला टोचून बघितलं आन् म्हणली, आजी, तुमच्या अंगातच रगत न्हाई, तुमचं कसं घ्यायचं. तर जाईनात. म्हणल्या, थोडं घ्या, वाटीभर तरी घ्या. मीच धरून भाईर आणलं शेवटी." ज्योतिबानं मनगटावरचा दोरा फिरवला. "गाडीत एक शबूद बोलल्या न्हाईत. दाजी इतकं बोललेत त्यांना, तरी हितंच बसल्यात. चूक झाली म्हाताऱ्या माणसाची, पन आता…"

तो पुढं काय म्हणाला ते सुषमाला ऐकू आलं नाही. ती उठली आणि जिना उतरून गेली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा खाली उतरत होती. ऊन डोळ्यांना बोचलं.

अनसाबाई कडुलिंबाखाली पाय पसरून बसली होती. बोटाला कापूस चिकटवलेला. सुषमा तिच्या शेजारी बसली.

"पोर एकली हाय?" अनसाबाईनं विचारलं.

"नर्स हाय. आत्या, तुमी का म्हणलात तसं?"

रस्त्यावरून उसाची रिकामी गाडी खडखडत गेली, ती जाईस्तवर अनसाबाई थांबली.

"त्या टायमाला काय सुचलं ते म्हणलं. तुला त्यानं जीपमधनं ढकललं असतं. पोरीला तू पायजे हुतीस."

"न्हाई ढकललं असतं."

"माझ्या पोटचा हाय त्यो. मला म्हायती हाय." मग म्हणाली, "तुला घालवून दिलं असतं कवठ्याला. मला कुठं घालवनार? मी हाय तिथंच हाय."

"मी त्यांना सांगते."

"गप. पोर उठू दे आधी."

सुषमाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ती थोडा वेळ तशीच बसली, मग तिनं आपल्याजवळची भाकरी अनसाबाईच्या हातात दिली आणि वर गेली. अनसाबाईनं भाकरी घेतली. त्या दोघींत एवढंच झालं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी धनश्रीच्या हातात आपली दोन बोटं दिली आणि म्हणाल्या, "दाब." बोटं दाबली गेली. डॉक्टर तिथंच थोडा वेळ उभ्या राहिल्या. बुधवारी मान उशीवरून अंगठ्याएवढी उचलली. यंत्राचा जोर कमी करत आणला. पोर आता डोळे उघडून बघायची, सुषमाकडं, छताकडं, पुन्हा सुषमाकडं. नळीमुळं तोंडातून शब्द येत नव्हता.

"उद्या सकाळी नळी काढू," बुधवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या. "आवाज बसलेला असेल एक-दोन दिवस. पण बोलेल."

हे त्या सुषमाकडं बघून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आणखी काही होतं की नव्हतं, सुषमाला सांगता आलं नसतं. पण बोलेल हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. पोर बोलेल. मल्हार तिच्या उशाशी बसून विचारील, आज्जीनं लावलं ना गं? आणि नऊ वर्षांच्या पोरीला, आठ दिवस नळी सोसून उठलेल्या, आपल्या बापाला सांगावं लागेल.

गुरुवारी सकाळी मल्हार फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होता. सुषमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"औषध मी लावलं," ती म्हणाली. "आत्यांनी न्हाई."

मल्हारनं ग्लास तोंडापासून खाली घेतला. टपरीवाला दुसऱ्याला पाव देत होता.

"कवा?" त्यानं विचारलं. जणू तोच मुद्दा होता.

"मंगळवारी. दुपारी. परत येऊन धुनार हुते. लाईट आली, म्हणून रानात गेले. आत्या मेंढरांकडं हुत्या. त्यांना काय म्हायती नव्हतं."

"आन् तू आठ दिवस…"

"व्हय."

तिनं वाट पाहिली. तो मारील असं तिला वाटलं, आणि मारलं तरी काही हरकत नाही असंही वाटलं. त्याच्या हातातला ग्लास थोडा कलला आणि चहा त्याच्या बोटांवरून गेला. भाजलं असेल. त्यानं ग्लास फळीवर ठेवला, बोटं पँटला पुसली आणि तिला वळसा घालून निघून गेला. ती वळून बघत होती. तो कडुलिंबाशी गेला. आईच्या समोर उकिडवा बसला. अनसाबाईनं एकदा हात पुढं केला, त्याच्या खांद्यावर ठेवला नाही, नुसता त्याच्या गुडघ्यापाशी जमिनीवर टेकवला. बराच वेळ ती दोघं तशीच बसलेली होती. मग मल्हारनं आईला उठवलं आणि तिच्या दंडाला धरून वर आणलं.

नळी काढली तेव्हा तिघंही खोलीत होती. धनश्री खोकली, ओकली, पुन्हा खोकली. घोगऱ्या आवाजात तिनं पाणी मागितलं. चमच्यानं पाणी दिल्यावर तिनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"मामाचं लगीन झालं?" तिनं विचारलं.

"झालं," अनसाबाई म्हणाली.

"मला का न्हाई नेलं?"

अनसाबाईनं चमचा पुन्हा पाण्यात बुडवला. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला हळूहळू विचारलं, काय काय आठवतंय. शाळेचा निकाल लागलेला आठवत होता. मंगळवारची दुपार आठवत नव्हती. फणी नाही, तेल नाही, जळलेलं नाही, काहीच नाही. असं होतं बऱ्याचदा, डॉक्टर म्हणाल्या, कदाचित आठवेल, कदाचित नाही.

म्हणजे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सुषमाला हे लख्ख कळलं, आणि त्यानं तिला ना बरं वाटलं ना वाईट. ती पोरीच्या पायांना तेल लावत राहिली.

निघायच्या दिवशी मल्हारनं डॉक्टरांच्या पायाला हात लावला. त्या मागं सरकल्या. "त्या पिवळ्या पिशव्यांनी वाचली ना?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू का," डॉक्टर म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही. त्यांनी झालं असेल. किंवा यंत्रानं वेळ काढून दिला आणि तिच्या शरीरानंच ते रसायन परत तयार केलं असेल. एका पेशंटवरून ठरत नाही. मी सगळं लिहून ठेवलंय." मग सुषमाकडं वळून म्हणाल्या, "तुमचे हात बरे आहेत का?"

"बरे हायत," सुषमा म्हणाली. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सगळं कळलं होतं हे तिला तेव्हा समजलं.

जाताना ती पोलीस ठाण्यात थांबली. मल्हार जीपमध्येच बसून राहिला. सोपानरावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. कान खाजवला. पुन्हा कागद काढला आणि तिचा नवा जबाब लिहून घेतला.

"मला काय करणार?" तिनं विचारलं.

"पोर जिवंत हाय ना?"

"हाय."

"अपघात हाय हा, बाई. वरती पाठवतो. बोलावलं तर या." त्यांनी सही घेतली. पुढं तिला कुणी बोलावलं नाही.

पोर घरी आली. पहिले पंधरा दिवस धरून चालवावं लागायचं, पायऱ्या चढताना गुडघे वाकायचे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा डोक्याला रुमाल बांधून गेली. लिहिताना हात दुखतो म्हणायची, दिवाळीपर्यंत तेही थांबलं. वस्तीवर बायका म्हणायच्या, म्हातारीनं नातीला मारलीच होती बघा. सुषमा ऐकलं की जागच्या जागी म्हणायची, "त्यांनी न्हाई. मी लावलं हुतं." एकदा नळावर ती असं म्हणाली तर मागून अनसाबाई आली आणि चिडली. "किती येळा सांगशील? पोरगी चालतीया ना. पानी भर आन् चल." त्या दोघी आता कामापुरतं बोलायच्या, पण जेवायला एकत्र बसायच्या. आधी बसत नव्हत्या.

मल्हारनं सुषमाला घालवून दिलं नाही. बोलायचं मात्र बंद केलं. पाणी पाहिजे असलं तर पोरीला सांगायचा. जेवायला वाढलं की जेवायचा. फवारणीचं औषध त्यानं घरातून हलवून विहिरीवरच्या खोलीत नेलं आणि किल्ली आपल्या करदोट्याला बांधली. रात्री बाजेवर पाठ करून झोपायचा. सुषमानं त्याला एकदाही विचारलं नाही, असं किती दिवस. विचारायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटत नव्हतं. पाऊस झाला, कांदा लागला. ज्योतिबाची बायको पहिल्या सणाला येऊन गेली.

गौरीच्या आदल्या दिवशी सुषमा चुलीपुढं बसली होती. मल्हार टोपी घालून बाहेर निघाला. दारात थांबला. पोर शाळेत होती, अनसाबाई मागल्या दारी.

"वरवंडला चाललोय," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता, चौकटीकडं बघत. "काय आणायचं हाय का?"

सुषमाच्या हातातली भाकरी तव्यावर अर्धी पडली होती. काय आणायचं ते तिला सुचेना. सगळं घर तिच्या डोक्यात रिकामं झालं.

"काय न्हाई," ती म्हणाली.

तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग वाटेवर लांब जाऊन बारीक झाला. तेव्हा तिला आठवलं की साखर संपली आहे, आणि उद्या गौरी आहेत. ती उठून दारापर्यंत गेली. वाट मोकळी होती. तिथंच उभी राहिली थोडा वेळ, मागं भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत.